स्वतःच्याच प्रयोगातल्या चुका छापून आणणारा डॉक्टर : आर्ची कॉक्रन

साल १९४१. ग्रीसमधलं सॅलोनिका शहर जर्मनांच्या ताब्यात होतं आणि तिथल्या छावणीत हजारो युद्धकैदी कोंबलेले होते. दिवसाला मिळणारं खाणं जेमतेम ६०० कॅलरींचं. हगवण, कावीळ, डिप्थेरिया, टायफॉइड, सगळं एकदमच पसरलेलं. त्यात एक नवीनच प्रकार सुरू झाला. कैद्यांचे पाय सुजायला लागले. बोटाने दाबलं की खळगा तसाच राहायचा. बघता बघता गुडघ्याच्या वरपर्यंत सूज चढलेले ३०० हून जास्त कैदी झाले.

या सगळ्यांना बघायला होता ३२ वर्षांचा एक स्कॉटिश डॉक्टर, जो स्वतःही कैदीच होता. त्याला कावीळ झालेली, त्याचेही पाय सुजलेले. नाव आर्चिबाल्ड लेमन कॉक्रन. ओळखीचे लोक म्हणायचे आर्ची.

आर्चीला शंका आली की हा बेरीबेरी असावा, म्हणजे ब जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार. पण जर्मन अधिकाऱ्यांना नुसती शंका सांगून यीस्ट मिळणार नव्हतं. मग त्याला जेम्स लिंड आठवला. याच लिंडने १७४७ साली जहाजावरच्या १२ आजारी खलाशांच्या जोड्या करून, प्रत्येक जोडीला वेगळा उपाय देऊन, संत्री आणि लिंबांनी स्कर्व्ही बरा होतो हे दाखवलं होतं.

आर्चीने २० कैदी निवडले आणि दहा-दहा जणांच्या दोन खोल्या केल्या. एका खोलीला काळ्या बाजारातून मिळवलेलं यीस्ट, दुसरीला स्वतःकडे जपून ठेवलेल्या क जीवनसत्त्वाच्या गोळ्या. आता फरक मोजायचा कसा? सूज उतरते तेव्हा अंगातलं पाणी लघवीवाटे जातं. पण लघवी मोजायला पुरेशा बादल्याच नव्हत्या. म्हणून कोण किती वेळा लघवीला गेला एवढंच तो मोजत बसला. पहिले दोन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी मात्र फरक स्पष्ट झाला. यीस्टच्या खोलीतल्या बहुतेकांना बरं वाटत होतं, दुसऱ्या खोलीत सगळं जैसे थे.

त्याने सगळं कागदावर मांडलं आणि तो कागद जर्मन डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांच्यातल्या एका तरुण डॉक्टरवर त्याचा परिणाम झाला. काही दिवसांत यीस्टचा साठा आला, खाणंही थोडं वाढलं आणि सूज कमी व्हायला लागली.

इथपर्यंत ही गोष्ट सिनेमात शोभेल अशी आहे. पण आर्चीने पुढे स्वतःच तिची हवा काढून घेतली, आणि ती का काढली हे कळायला त्याचं बाकीचं आयुष्य बघावं लागतं.

पैसा होता, तरी डॉक्टरकीच

आर्चीचा जन्म १२ जानेवारी १९०९ चा, स्कॉटलंडमधल्या गॅलशील्स गावचा. घरच्यांच्या ट्वीड कापडाच्या गिरण्या होत्या, त्यामुळे पैशांची ददात नव्हती. वडील पहिल्या महायुद्धात गाझाच्या लढाईत मारले गेले, तेव्हा हा आठ वर्षांचा होता. पुढे केंब्रिजला निसर्गविज्ञानात पहिल्या वर्गात पदवी मिळवली.

त्यानंतर काही वर्षं एक वेगळंच प्रकरण चाललं. आर्चीला एक खासगी शारीरिक त्रास होता. डॉक्टरांनी तो मानसिक ठरवला, म्हणून हा मनोविश्लेषणासाठी थिओडोर राइक या फ्रॉइडच्या शिष्याकडे बर्लिनला गेला. नाझी आले तसा राइक व्हिएन्नाला गेला, तिथून हेगला, आणि त्याच्या मागोमाग आर्चीही. त्रास काही गेला नाही. मुळात तो मनाचा नव्हताच, पोर्फिरिया नावाच्या आनुवंशिक आजाराचा होता, हे कळायला बरीच वर्षं जावी लागली. या भटकंतीतून त्याला दोन गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे चांगली जर्मन भाषा, जी पुढे छावणीत कामी आली. दुसरी म्हणजे प्रयोगाचा आधार नसलेल्या सिद्धांतांबद्दलचा संशय, जो आयुष्यभर टिकला.

लंडनला परत येऊन त्याने डॉक्टरकीचा अभ्यास सुरू केला. तो मध्येच सोडून १९३६ साली स्पेनच्या यादवी युद्धात फ्रँकोविरोधी बाजूच्या जखमींसाठी ब्रिटिश वैद्यकीय पथकात गेला. परत आल्यावर, सरकारी आरोग्य सेवेची मागणी करणाऱ्या लोकांच्या एका मोर्चात हा स्वतःचा फलक घेऊन एकटाच चालला. सगळे उपचार मोफत द्या, असं बाकीच्यांचं म्हणणं. याच्या फलकावर मागणी होती ती फक्त परिणामकारक उपचार मोफत देण्याची. त्या एका विशेषणावर पुढचं सगळं आयुष्य उभं राहिलं.

छावणीतला क्षयरोग वॉर्ड

१९३८ मध्ये तो डॉक्टर झाला, सैन्यात गेला आणि १९४१ च्या जूनमध्ये क्रीट बेटावर जर्मनांच्या हाती लागला. सॅलोनिकानंतर त्याची रवानगी जर्मनीतल्या छावण्यांमध्ये झाली. एल्स्टरहॉर्स्टच्या छावणीत त्याच्याकडे क्षयरोगाचे रुग्ण होते.

तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. विश्रांती द्यायची, चांगलं खाऊ घालायचं, किंवा छातीत हवा भरून आजारी फुफ्फुस मुद्दाम आकसून ठेवायचं. डॉक्टर आपापल्या समजुतीप्रमाणे हे करत. कुणाला काय करायचं याचं पूर्ण स्वातंत्र्य आर्चीला होतं, आणि तेच त्याला खायला उठायचं. कारण यातलं काय उपयोगी आणि काय घातक, याचा पुरावा कुठेच नव्हता. आपण नको ते उपचार करून काही मित्रांचं आयुष्य उलट कमी केलं असेल, ही भीती त्याने पुढे लपवली नाही.

त्याच छावणीतली एक रात्र. मरणाच्या दारात असलेला एक सोव्हिएत कैदी वॉर्डात आणला गेला. तो सतत किंचाळत होता. बाकीचे रुग्ण उठतील म्हणून आर्चीने त्याला आपल्या खोलीत नेलं. तपासल्यावर दोन्ही फुफ्फुसं खराब झालेली दिसली. दुखणं छातीच्या आवरणाचं असावं असं वाटलं. मॉर्फिन नव्हतं आणि ॲस्पिरिनने काही होईना. त्याची भाषा कुणालाच येत नव्हती. शेवटी काही सुचेना म्हणून आर्ची त्याच्या पलंगावर बसला आणि त्याला मिठीत घेतलं. किंचाळणं थांबलं. काही तासांनी तो शांतपणे गेला. तो वेदनेने नव्हे, एकटेपणाने ओरडत होता. आपलं निदान चुकलं याची आर्चीला इतकी लाज वाटली की हा किस्सा त्याने बरीच वर्षं कुणाला सांगितला नाही.

पुराव्याचा आग्रह धरणारा माणूस कोरडा असतो असं आपल्याला उगाच वाटतं.

खाणीच्या खोऱ्यात

युद्धानंतर तो लंडनमध्ये ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकला. चिठ्ठ्या टाकल्यासारखे रुग्णांचे गट पाडायचे, एका गटाला नवा उपचार द्यायचा, दुसऱ्याला नाही, आणि मग तुलना करायची. ही रँडमाइज्ड ट्रायलची पद्धत हिल तेव्हा वैद्यकात रुजवत होता. छावणीत आपल्याला जे हवं होतं ते हेच, असं आर्चीला झालं.

१९४८ पासून तो वेल्समध्ये कोळसा खाण कामगारांच्या फुफ्फुसांवर काम करू लागला. ऱ्होंडा फाख हे खाणींचं खोरं. तिथल्या अख्ख्या वस्तीचे छातीचे एक्स-रे काढायचे त्याने ठरवलं. दारोदार जाऊन लोकांना तयार करायला आजारी पडून काम सुटलेले खाण कामगारच सोबत घेतले. ९० टक्क्यांहून जास्त लोक तपासणीला आले, आणि हीच माणसं कित्येक वर्षांनी पुन्हा शोधून तपासली गेली. न आलेले मोजके लोक कोण, हे शोधण्यावर तो एवढा वेळ का घालवतो, असं सहकाऱ्यांना वाटायचं. त्याचं गणित सरळ होतं. जे आले नाहीत तेच कदाचित सगळ्यात आजारी असतील, आणि त्यांना सोडून काढलेलं उत्तर खोटं असेल. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

याच दशकात त्याच्यावर स्वतःवरच एक प्रसंग आला. काखेतल्या गाठीची शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आल्यावर सर्जनने सांगितलं की काख कर्करोगाने भरलेली होती, जमेल तेवढी काढली, छातीचा एक स्नायूही काढला. आर्चीने मरणाची तयारी केली. मग पॅथॉलॉजीचा अहवाल आला. कर्करोग नव्हताच. सर्जनने अहवालाची वाट न बघताच खात्री करून घेतली होती. आणि पुराव्याचा एवढा आग्रही आर्ची, त्यानेही सर्जनचं म्हणणं एकही प्रश्न न विचारता मानलं होतं.

उलटे आकडे

डॉक्टरांच्या या खात्रीची त्याने एकदा भर बैठकीत मजा घेतली. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णाला खास कोरोनरी युनिटमध्ये ठेवावं की घरी, यावर इंग्लंडमध्ये ब्रिस्टल भागात ट्रायल चालू होती. सुरुवातीचे आकडे देखरेख समितीपुढे यायचे होते. हॉस्पिटलच्या गटात मृत्यू किंचित जास्त होते, पण एवढा कमी फरक योगायोगानेही पडू शकतो.

आर्चीने आकडे उलटे करून आणखी एक अहवाल बनवला, ज्यात घरी जास्त मृत्यू दिसत होते. काही हृदयरोगतज्ज्ञांना आधी तो दाखवला. ते खवळले. हा प्रयोग अनैतिक आहे, ताबडतोब बंद करा, म्हणाले. त्यांचं बोलून झाल्यावर आर्चीने खरा अहवाल पुढे ठेवला आणि विचारलं, मग आता कोरोनरी युनिट बंद करायची का? कुणी काही बोललं नाही.

१९७२ मध्ये त्याचं इफेक्टिव्हनेस अँड एफिशियन्सी हे छोटंसं पुस्तक आलं. आरोग्यसेवेचा पैसा मर्यादित असतो, म्हणून ज्याचा उपयोग नीट चाचणीत सिद्ध झालाय त्यावर तो आधी खर्च करा, असं थोडक्यात त्याचं सांगणं. पुस्तक गाजलं, अनेक भाषांत गेलं.

पण चाचण्या करून भागत नाही हे त्याला त्याच काळात कळत होतं. १९७४ मध्ये तो आणि पीटर एलवूड यांनी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १,२३९ पुरुषांवरची ॲस्पिरिनची ट्रायल प्रसिद्ध केली. वर्षभरात ॲस्पिरिनच्या गटात मृत्यू २५ टक्क्यांनी कमी. पण तेवढ्या माणसांवरून हे ठामपणे म्हणता येत नव्हतं, आणि तसं त्यांनी लिहिलंही. पुढे इतरांनी तशाच ट्रायल्स केल्या. एकेकटी बघितली तर प्रत्येक अर्धवट. १९८० च्या सुमारास त्या सगळ्या एकत्र मांडल्या गेल्या आणि चित्र स्पष्ट झालं. गोळी आधीपासून तीच होती, फक्त कुणीतरी बेरीज करायची राहिली होती.

१९७९ मध्ये आर्चीने हीच तक्रार जाहीरपणे मांडली. प्रत्येक विषयातल्या सगळ्या ट्रायल्सचा चिकित्सक आढावा घ्यायचा आणि तो वेळोवेळी ताजा करायचा, एवढी साधी व्यवस्थाही डॉक्टरमंडळींनी उभी केलेली नाही, असं त्याचं म्हणणं. सोबत त्याने पुराव्याच्या बाबतीत सगळ्यात मागे असलेली शाखा म्हणून प्रसूतिशास्त्राला लाकडी चमचा बहाल केला. केंब्रिजला गणितात शेवटून पहिल्या येणाऱ्याला लाकडी चमचा द्यायची जुनी प्रथा होती, तिथून त्याने हे उचललं.

सात रेषा

लाकडी चमचा किती योग्य होता हे नंतर दिसलं. दिवस भरण्याआधी बाळंतपण होणार असेल तर आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन दिल्याने बाळाची फुफ्फुसं लवकर तयार होतात, हे दाखवणारी ट्रायल न्यूझीलंडमध्ये १९७२ सालीच प्रसिद्ध झाली होती. म्हणजे आर्चीचं पुस्तक आलं त्याच वर्षी. त्यानंतर इतरही ठिकाणी ट्रायल्स झाल्या. काहींत फायदा दिसला, काहींत तो ठळक नव्हता. ज्या डॉक्टरच्या हाती जी पडली त्यावर त्याचं मत. या सगळ्यांचा नीट आढावा १९८९ पर्यंत आलाच नाही. एकत्र मांडल्यावर कळलं की या स्वस्त इंजेक्शनने अशी बाळं दगावण्याची शक्यता ३० ते ५० टक्क्यांनी कमी होते. मधल्या काळात बहुतेक प्रसूतितज्ज्ञांना याची कल्पनाच नव्हती.

हा आढावा ज्या कामातून आला ते ऑक्सफर्डमध्ये इयन चाल्मर्स या डॉक्टरने उभं केलं होतं. आर्चीचं पुस्तक वाचून भारावलेला आणि लाकडी चमचा मनाला लागलेला माणूस. त्याने आणि सहकाऱ्यांनी गरोदरपण आणि बाळंतपणावरच्या ट्रायल्स जगभरातून गोळा केल्या. त्या कामाच्या प्रस्तावनेत आर्चीने प्रसूतिशास्त्राकडून आपला चमचा परत घेतला. पण ग्रंथ छापून यायच्या आधीच, १८ जून १९८८ रोजी, तो गेला.

१९९२ मध्ये ऑक्सफर्डला त्याच्या नावाचं केंद्र सुरू झालं आणि १९९३ मध्ये कॉक्रन कोलॅबोरेशन ही आंतरराष्ट्रीय संस्था. तिचा लोगो नीट बघा. मधल्या उभ्या रेषेवर सात आडव्या रेषा आहेत. या त्या स्टिरॉइडच्याच सात ट्रायल्स. रेषा आखूड असेल तर उत्तर पक्कं, लांब असेल तर मोघम. उभ्या रेषेला स्पर्श झाला तर फायदा झाला की नाही हे सांगता येत नाही. आणि सगळ्यांच्या खाली छोटा चौकट आकार, तो सातही जणींची मिळून झालेली बेरीज. तो उभ्या रेषेपासून चांगलाच लांब आहे. भारतात २००७ साली आयसीएमआरच्या पैशांतून या संस्थेची अख्खी लायब्ररी देशभरातल्या लोकांना मोफत वाचायला खुली झाली.

आढाव्याचा आढावा

आता प्रश्न असा की आढावा घेणाऱ्यानेच घोळ घातला तर? आपल्या मताच्या दहा ट्रायल्स घेतल्या, विरोधातल्या चार गुपचूप सोडल्या, तर बेरीज हवी तशी येते. ऱ्होंडाच्या खोऱ्यातला तोच प्रश्न. कोण आलं नाही?

सिंथिया मलरो या अमेरिकन डॉक्टरने १९८७ मध्ये हे तपासलं. चार नामांकित वैद्यकीय नियतकालिकांतले ५० आढावा लेख घेतले. माहिती कुठून शोधली, कशी निवडली, कशी पारखली हे स्पष्ट सांगणारा लेख त्यात निघाला फक्त एक. बाकीच्या ४९ मध्ये तज्ज्ञ म्हणतोय म्हणून मान्य करायचं. सर्जनने कर्करोग म्हटल्यावर आर्चीने मानलं, अगदी तसंच.

यावर उपाय म्हणून १९९९ मध्ये क्वोरम नावाची यादी आली. आढावा लिहिताना काय काय सांगितलंच पाहिजे, त्याची. २००९ मध्ये तिची जागा प्रिझ्माने घेतली. डेव्हिड मोहर, अलेस्सांद्रो लिबेराती, डग्लस आल्टमन अशी मंडळी त्यामागे होती. यात २७ मुद्दे आणि एक आकृती. आकृतीत वरून खाली हिशोब द्यायचा. शोधल्यावर किती अभ्यास सापडले, दोनदा आलेले किती काढले, किती वाचून नाकारले आणि का नाकारले, शेवटी हातात किती उरले. शोधताना नेमके कोणते शब्द टाकले हेही द्यायचं, म्हणजे दुसऱ्या कुणालाही तोच शोध पुन्हा घेता येईल. पैसे कुणी दिले तेही लिहायचं. २०२१ मध्ये याची सुधारित आवृत्ती आली.

ही यादी भरली म्हणजे आढावा चांगलाच असं नाही. वाईट काम प्रामाणिकपणे लिहिता येतं, आणि चौकटीत नुसत्या टिका मारणारेही आहेत. पण निदान वाईट काम वाईट आहे हे वाचणाऱ्याला कळतं. संशोधनातून सिद्ध झालंय, एवढ्यावर संपणारा फॉरवर्ड फॅमिली ग्रुपवर आला की सापडले किती आणि सोडले किती हे दोन प्रश्न विचारून बघा.

सॅलोनिकाचा हिशोब

आर्चीच्या हयातीत प्रिझ्मा नव्हतं. पण त्याची वागण्याची तऱ्हा तीच होती. १९७८ मध्ये त्याने दोन सहकाऱ्यांसोबत १८ विकसित देशांची आकडेवारी तपासली, तेव्हा डॉक्टर जास्त तिथे बालमृत्यूही जास्त असा विचित्र संबंध निघाला. चूक शोधायचा खूप प्रयत्न केला, सापडली नाही, कारणही कळलं नाही. तसं सांगून त्यांनी तो निष्कर्ष छापला.

आणि १९८४ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत, त्याने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सॅलोनिकाच्या त्या यीस्टच्या प्रयोगाबद्दल लिहिलं. ज्या प्रयोगावर आयुष्यभर टाळ्या घेता आल्या असत्या, त्याला त्याने शीर्षकातच आपला पहिला, सगळ्यात वाईट आणि सगळ्यात यशस्वी प्रयोग ठरवलं. माणसं फक्त २०. मोजमाप म्हणजे लघवीच्या खेपा. काळ जेमतेम चार दिवस. कोणाला काय मिळतंय हे त्याला स्वतःला माहीत होतं. आणि मुळात ज्यावर सगळं बेतलं होतं तो बेरीबेरी बहुधा नव्हताच, ती उपासमारीची सूज होती. निदान चुकलेलं, प्रयोग कच्चा, तरी यीस्ट आलं आणि सूज उतरली. नेमकं कशाने, ते त्याने ठामपणे सांगितलं नाही.